निस्की ते बर्लिन : श्लायरमाखरच्या पाळकी जीवनातील बंधुसंघाचा वारसा

फ्रीड्रिख श्लायरमाखर (१७६८–१८३४) हे नाव आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या कानावर बहुधा दोन वाटांनी येते. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक त्याला धर्माचे मूळ भावनेत शोधणारा विचारवंत म्हणून ओळखतो. भाषेचा अभ्यासक त्याला अर्थनिर्णयशास्त्राचा एक प्रवर्तक आणि प्लेटोचा जर्मन भाषांतरकार म्हणून ओळखतो. या दोन्ही ओळखींत एक साधी गोष्ट मागे पडते. हा मनुष्य व्यवसायाने पाळक होता. १७९४ मध्ये दीक्षा झाल्यापासून मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षे, त्याने प्रवचनपीठाशी असलेला संबंध तोडला नाही. विद्यापीठातील व्याख्याने आणि अकादमीतील निबंध ही कामे त्याने या सेवेच्या जोडीने केली.

या पाळकी जीवनाचा माग त्याच्या पौगंडावस्थेतील धर्मसमाजापर्यंत काढण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हेर्नहूटच्या मोरेव्हियन बंधुसंघाच्या दोन विद्यालयांत श्लायरमाखरने जून १७८३ पासून १७८७ च्या वसंतापर्यंत, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत, जेमतेम चार वर्षे काढली. दिल्तायने १८७० मध्ये त्याच्या चरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यानंतर या चार वर्षांचे महत्त्व सहसा कोणी नाकारलेले नाही. परंतु तेथे त्याला नेमके काय मिळाले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘भावना’ या एका शब्दात देऊन अभ्यासक पुढे जातात. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अपुरे वाटते. बंधुसंघाने त्याला दिलेली टिकाऊ वस्तू म्हणजे भावनेपेक्षाही ती चारचौघांत बोलून, गाऊन दाखविण्याची रीत होय. ज्या वेळी त्या रीतीतील ठराविक शब्द त्याच्या जिभेवर खोटे ठरू लागले त्या वेळी तो तेथून निघाला. आणि तरीही पुढे पाळक म्हणून त्याने जे उभारले ते त्याच रीतीच्या पायावर उभारले.

प्रथम या समाजाची ओळख करून घेतली पाहिजे. १७२२ मध्ये मोरेव्हियातून धर्मछळामुळे बाहेर पडलेल्या काही प्रॉटेस्टंट कुटुंबांना काउंट त्सिन्त्सेंडोर्फ याने सॅक्सनीच्या पूर्व भागातील आपल्या जहागिरीत आश्रय दिला. तेथे वसलेले गाव हेर्नहूट. आरंभी या निर्वासितांत आणि त्यांना येऊन मिळालेल्या इतर लोकांत मतभेद पुष्कळ होते. १३ ऑगस्ट १७२७ रोजी बेर्थेल्सडोर्फच्या देवळातील प्रभुभोजनाच्या वेळी त्यांच्यात जे ऐक्य घडून आले तोच बंधुसंघ आपल्या पुनर्जन्माचा दिवस मानीत आला. पुढे अल्पावधीत या लहानशा समाजाची माणसे ग्रीनलंडपासून वेस्ट इंडीजपर्यंत पोहोचली. आपल्या देशातही, तमिळ किनाऱ्यावरील डॅनिश वसाहतीत तरंगंबाडी येथे, ती १७६० मध्ये आली होती.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या प्रसारापेक्षा त्यांची दिनचर्या महत्त्वाची आहे. बंधुसंघाच्या वसाहतीत वय, लिंग आणि विवाह यांनुसार गण पाडलेले असत : मुले, मोठे मुलगे, अविवाहित बंधू, अविवाहित भगिनी, विवाहित, विधवा. प्रत्येक गणाची उपासना वेगळी, कित्येकांचे निवासही वेगळे. प्रत्येक दिवसासाठी शास्त्रातील एक वचन ठरलेले असे. १७३१ पासून ही दिनवचने वर्षाच्या आरंभी पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली आणि ती प्रथा आजही चालू आहे. अधूनमधून प्रीतिभोजन होई. त्यात पाव आणि चहा यांसारखे साधे खाणेपिणे आणि बरोबरीने गाणे असे. सभासदाने आपले जीवनवृत्त लिहून ठेवावे आणि ते त्याच्या अंत्यविधीच्या वेळी मंडळीपुढे वाचले जावे, अशी पद्धत होती. आणि सर्वांत विशेष म्हणजे त्यांची गीतोपासना. या उपासनेत प्रवचन नसे. चालक एखादा विषय मनाशी धरून निरनिराळ्या गीतांतील एकेक कडवे निवडून उचली, आणि मंडळी, पुस्तक न उघडता, त्याच्यामागून गात जाई. शेकडो कडवी लहानथोरांना मुखोद्गत असल्याखेरीज हे शक्य नव्हते.

भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा समाज म्हणजे एक स्वतंत्र बोली बोलणारा गट होता. त्सिन्त्सेंडोर्फच्या हयातीत, विशेषतः १७४० नंतरच्या दशकात, या बोलीला चमत्कारिक वळण लागले होते. ख्रिस्ताच्या जखमा आणि रक्त यांविषयीची लाडिक, लघुत्वदर्शक रूपे वापरण्याचा अतिरेक झाला आणि बाहेरच्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. त्सिन्त्सेंडोर्फ १७६० मध्ये वारल्यावर श्पांगेनबेर्गने हा भडकपणा काढून टाकला आणि १७७९ मध्ये संघाच्या मतांची संयत मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्लायरमाखरच्या वाट्याला आलेली बोली ती ही निवळलेली बोली होय. तथापि तिचा मूळ नियम कायम होता : तारणाऱ्याशी आपला प्रत्यक्ष अंतरीचा व्यवहार आहे हे ज्याला सांगता येते तो आपला. येथे मत विचारले जात नसे, अनुभव विचारला जाई. आणि अनुभव सांगण्याचे शब्द ठरून गेलेले होते.

या समाजात हा मुलगा कसा येऊन पडला हे समजण्यासाठी दोन पिढ्या मागे जावे लागते. त्याचा आजोबा डॅनिएल हा रिफॉर्म्ड पंथाचा पाळक होता. ऱ्हाइन प्रदेशातील रोन्सडोर्फ येथील एका विलक्षण पंथात तो गुंतला आणि पुढे जादूटोण्याच्या आरोपावरून त्याला हॉलंडमध्ये पळून जावे लागले. बाप गॉटलीब हा प्रशियन सैन्यात रिफॉर्म्ड पाळक. बव्हेरियन वारसायुद्धाच्या वेळी, १७७८ च्या सुमारास, त्याच्या पलटणीचा तळ सायलीशियातील ग्नाडेनफ्राय या बंधुसंघाच्या वसाहतीजवळ पडला आणि तेथील लोकांच्या वागणुकीचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला. सैन्यातील पद सोडून संघात जाणे त्याला शक्य नव्हते. त्याने आपली मुले संघाच्या हवाली करण्याचे ठरविले. १७८३ च्या वसंतात कुटुंब ग्नाडेनफ्रायला काही आठवडे राहिले, आणि जूनमध्ये फ्रीड्रिख निस्कीच्या विद्यालयात दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आई वारली.

निस्कीला येण्यापूर्वीच या मुलाच्या मनात दोन काटे रुतलेले होते. दीक्षेच्या निमित्ताने १७९४ मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात त्याने दोहोंचा उल्लेख केला आहे. ख्रिस्ताने सोसलेले दुःख आणि ज्या शिक्षेच्या बदली ते सोसले ती शिक्षा, यांचा हिशोब जुळेना म्हणून अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याने कित्येक रात्री झोपेविना काढल्या. दुसरा काटा अधिक चमत्कारिक होता. प्राचीन ग्रंथकार आणि त्यांच्याबरोबर सगळा प्राचीन इतिहास मागाहून कोणी रचलेला असावा, असा संशय त्याला येऊ लागला होता. कारण त्यांच्या खरेपणाचा पुरावा त्याला कोठे दिसत नव्हता. ज्याने पुढे प्लेटोचे संवाद १८०४ पासून १८२८ पर्यंत जर्मनमध्ये आणले, आणि तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र पौलाचे नव्हे असे १८०७ मध्ये प्रतिपादन केले, त्याच्या या बालपणीच्या संशयाकडे कौतुकाने पाहावेसे वाटते.

निस्कीचे शिक्षण चांगले होते. लॅटिन, ग्रीक, गणित यांची तयारी तेथे उत्तम करून घेतली जाई. योहान बाप्टिस्ट फॉन अल्बेर्टिनी या सहाध्यायाशी त्याची अशी गट्टी जमली की शाळेत त्या दोघांना ओरेस्टेस आणि पिलाडेस म्हणत. दोघे मिळून ग्रीक ग्रंथकारांवर तुटून पडत. पुढे एकाची वाट बाहेर गेली. दुसरा संघातच राहिला, गीतकार झाला आणि बिशपपदाला पोहोचला. मैत्रीचा हा अनुभव धर्मजीवनाबाहेरचा नव्हता. बंधुसंघात मैत्री हेच धर्मजीवनाचे एक साधन मानले जाई. श्लायरमाखरच्या उत्तरायुष्यातील संवादप्रियतेचे मूळ शोधावयाचे तर बर्लिनच्या साहित्यिक बैठकींच्या आधी निस्कीच्या बाकांवर शोधले पाहिजे.

१७८५ मध्ये दोघे एल्बेकाठच्या बार्बी येथील पाठशाळेत गेले. तेथे संघाचे पाळक आणि शिक्षक तयार होत. वातावरण मात्र कोंदट होते. बाहेर कांटने जर्मन विचारसृष्टी हलवून सोडली होती, आणि पाठशाळेच्या चालकांनी मुलांच्या हाती नवीन पुस्तके पडू नयेत असा बंदोबस्त केला होता. जे अशा वेळी सर्वत्र घडते तेच घडले. काही विद्यार्थ्यांनी गुपचूप एक मंडळ काढले आणि कांट, गोएटे, व्हीलांड यांची पुस्तके चोरून वाचली. नव्या टीकाशास्त्राचे आक्षेप त्यांना व्याख्यानांत खोडून दाखविले जात, पण ते आक्षेप मुळात काय आहेत हे सांगितले जात नसे. या युक्तीने कोणाची श्रद्धा आजवर वाचलेली नाही.

२१ जानेवारी १७८७ रोजी त्याने बापाला पत्र लिहिले. तोवर त्याने आपले संशय दुसऱ्या कोणाचे म्हणून आडून सुचविले होते. आता ते आपलेच आहेत हे त्याने मान्य केले. जो स्वतःला केवळ मनुष्याचा पुत्र म्हणवीत असे तो सनातन खरा देव होता यावर आपला विश्वास बसत नाही. त्याचे मरण इतरांच्या बदलीचे प्रायश्चित्त होते असे मानता येत नाही, कारण त्याने स्वतः तसे स्पष्टपणे कधी म्हटलेले नाही. आणि ज्यांना देवाने पूर्णत्वासाठी नव्हे तर पूर्णत्वाचा ध्यास घेण्यासाठी निर्माण केले त्यांना ते पूर्ण नाहीत म्हणून तो अनंत काळ शिक्षा करील हे संभवत नाही. असा त्या पत्राचा मथितार्थ आहे.

हे पत्र बहुधा श्रद्धा आणि बुद्धी यांच्या झगड्याचा नमुना म्हणून वाचले जाते. ते तसे आहेच. परंतु त्यातील पहिले दोन आक्षेप तत्त्वज्ञानाचे नाहीत, वाचनाचे आहेत, इकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. बोलणाऱ्याने स्वतःविषयी कोणता शब्द वापरला? त्याने काय म्हटले आणि काय म्हटले नाही? मंडळीच्या तोंडी रुळलेले शब्द आणि ग्रंथातील वक्त्याचे शब्द यांत अंतर आहे, हे अठरा वर्षांच्या मुलाला टोचत होते. दुसरे असे की, बंधुसंघात ज्याला ‘अनुभव’ म्हणत तो आपल्याला येत नाही, हे त्याला निस्कीपासून कळत होते. गाणे तो गाई, पण त्या शब्दांमागील व्यवहार आपल्या अंतरात घडत नाही याची त्याला जाणीव होती. अशा स्थितीत तेच शब्द बोलत राहणे म्हणजे खोटे नाणे चालविणे होते. त्याचे संकट जितके मतांचे तितकेच भाषेचे होते.

बापाचे उत्तर ८ फेब्रुवारीचे आहे. पौलाने गलतीकरांना ज्या शब्दांनी झिडकारले त्याच शब्दांनी बापाने मुलाला झिडकारले आणि आपण आता एका देवाची उपासना करीत नाही म्हणून विलाप केला. पत्र वाचवत नाही इतके दुःखी आहे. विशेष हे की, या बापाने स्वतः कमीत कमी बारा वर्षे आतून अविश्वासी राहून प्रवचने केली होती, असे त्यानेच पुढे मुलाला लिहिलेल्या एका पत्रात कबूल केले आहे. बापाने जे बारा वर्षे लपविले ते मुलाने लपविण्याचे नाकारले. या दोहोंत अधिक धार्मिक कोण, हे ठरविणे प्रस्तुत लेखकाला तरी अवघड वाटत नाही. पितापुत्रांत हळूहळू समेट झाला. बाप १७९४ मध्ये वारला तेव्हा पत्रव्यवहार पुन्हा प्रेमाचा झालेला होता.

हाले विद्यापीठातील दोन वर्षे, मामा श्टुबेनराउख याचा आधार, डोना घराण्यातील शिक्षकी आणि लांड्सबेर्ग येथील साहाय्यक पाळकाचे पद हा मधला भाग आपल्या विषयाला फारसा उपकारक नाही. १७९६ मध्ये तो बर्लिनच्या शारिते रुग्णालयाचा पाळक झाला आणि १७९९ मध्ये, निनावी, धर्माचा तिरस्कार करणाऱ्या सुशिक्षितांना उद्देशून लिहिलेली त्याची पाच व्याख्याने प्रसिद्ध झाली. त्यांपैकी दुसऱ्या व्याख्यानाची कीर्ती मोठी आहे. धर्म म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे, नीतीही नव्हे, तर विश्वाचे दर्शन आणि तज्जन्य भाव, हे सूत्र त्यात आले आहे. पहिल्या व्याख्यानात त्याने धर्माला आपल्या कोवळ्या जीवनाचे पोषण करणारे मातेचे उदर म्हटले आहे. देव आणि अमरत्व संशयी नजरेपुढून नाहीसे झाले तरी तो आपल्यापाशी राहिला, असे तो सांगतो. बंधुसंघाचे नाव तेथे नाही. परंतु कोणत्या घराविषयी तो बोलत आहे हे उघड आहे.

येथे अनुवादाची एक अडचण नोंदवली पाहिजे. श्लायरमाखरने वापरलेल्या जर्मन शब्दाला आपण ‘भावना’ म्हणतो आणि मग वाचकाला तो मनाचा कढ वाटतो. आपल्या संतवाङ्मयातील ‘भाव’ हा शब्द त्या अर्थाच्या अधिक जवळ आहे, कारण त्यात क्षणिक उमाळ्यापेक्षा चित्ताची स्थिर ओढ सुचते. हेगेलने १८२२ मध्ये टोमणा मारला होता की, अवलंबनाची भावना हाच धर्म असेल तर कुत्रा हा सर्वोत्तम ख्रिस्ती ठरेल. या टोमण्याचे निम्मे बळ शब्दाच्या सैल अर्थावरच उभे आहे.

तथापि आपल्या दृष्टीने दुसऱ्या व्याख्यानापेक्षा चौथे अधिक मोलाचे आहे, आणि त्याचे वाचन कमी होते. त्यात तो म्हणतो की, धर्म असेल तर तो समाजशील असणारच. ज्याच्या अंतरात काही उमटले त्याला ते दुसऱ्याला सांगावेसे वाटते. आणि आपल्याला विश्वाचा एक अंशच दिसला हे ज्याला कळते त्याला दुसऱ्याचे ऐकावेसे वाटते. हे सांगणे पुस्तकातून साधत नाही. त्यासाठी माणसांनी एकत्र बसावे लागते, आणि तेथे बोलणारा आणि ऐकणारा यांची पदे कायमची ठरलेली नसतात. ज्याला देण्यासारखे आहे तो त्या वेळेपुरता पुरोहित. अशा मंडळीचे जे चित्र त्याने रंगविले आहे, भाषणाला उत्तर म्हणून उठणारे सामुदायिक गाणे त्यात आहेच, ते प्रशियातील कोणत्याही सरकारी देवळात पाहून रंगविता आले नसते. ते निस्कीच्या सभागृहात पाहिलेले चित्र आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. इमारत किंवा संस्था न सुचविता जमलेली माणसे सुचविणारा हा शब्द श्लायरमाखरला मनापासून आवडला असता, असे वाटते.

१८०२ च्या एप्रिलमध्ये तो ग्नाडेनफ्रायला बहीण शार्लोट हिला भेटण्यास गेला. ही बहीण संघातच राहिली होती. अविवाहित भगिनींच्या निवासात तिने अनेक वर्षे काढली आणि भावाशी तिचा पत्रव्यवहार अखंड चालू होता. संघाशी त्याचा जो जिवंत धागा राहिला तो मुख्यतः तिच्या हातून. याच मुक्कामातून ३० एप्रिल रोजी त्याने प्रकाशक राइमर याला पत्र लिहिले. येथेच आपल्या आंतरिक जीवनाला जाग आली असे सांगून, सगळ्या उलथापालथीनंतर आपण पुन्हा हेर्नहूटी झालो आहोत, मात्र वरच्या श्रेणीचे, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. हे वाक्य इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की त्यातील ‘वरची श्रेणी’ म्हणजे काय, असा प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचत नाही. प्रौढपणाचा अहंकार त्यात थोडासा आहे. परंतु मुख्य अर्थ असा दिसतो की, संघात अनुभव एका साच्याच्या शब्दांत सांगावा लागे. वरच्या श्रेणीत प्रत्येकाने तो आपल्या शब्दांत सांगावा आणि इतरांनी तो समजून घेण्याचे श्रम करावेत.

१८०६ मध्ये प्रसिद्ध झालेला नाताळच्या पूर्वसंध्येवरील त्याचा संवाद या श्रेणीचे चित्रच आहे. एका घरी मित्रमंडळी जमली आहेत. एक लहान मुलगी गाते, वाजविते. स्त्रिया आपापल्या आठवणीतील नाताळच्या गोष्टी सांगतात. पुरुष येशूच्या जन्मोत्सवाच्या ऐतिहासिक आधाराविषयी वाद घालतात, आणि त्यांपैकी एक तर पुरता संशयवादी आहे. त्याला कोणी घराबाहेर काढीत नाही. बार्बीतील विद्यार्थ्याला जे मिळाले नाही ते या कल्पित संशयवाद्याला मिळाले आहे. शेवटी उशिरा आलेला पाहुणा वाद बाजूला सारून सर्वांना गाण्याकडे वळवितो.

नेपोलियनने ऑक्टोबर १८०६ मध्ये हाले घेतले आणि विद्यापीठ बंद केले, तेव्हा तेथील प्राध्यापकपद सोडून श्लायरमाखर बर्लिनला आला. १८०९ मध्ये तो त्रैक्य देवळाचा पाळक झाला आणि १८१० मध्ये नव्या विद्यापीठात धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढची चोवीस वर्षे दोन्ही कामे बरोबर चालली. त्याचे विचार खरोखर कोठून आले हे पाहावयाचे तर ग्रंथांपेक्षा या देवळातील व्यवहार पाहावा. प्रवचन तो लिहून वाचीत नसे. थोड्या टिपणांवरून उभ्या उभ्या बोले. त्याच्या छापील प्रवचनांपैकी पुष्कळशी श्रोत्यांनी उतरून घेतलेली आहेत. उपासनेसाठी गीतांची पत्रके तो स्वतः तयार करी आणि ती छापून मंडळीच्या हाती दिली जात. निरनिराळ्या संग्रहांतून तो कडवी निवडी, काही गाळी, काहींचे शब्द बदली, आणि त्या दिवशीच्या प्रवचनाच्या ओघाशी त्यांची सांगड घाली. अशी पत्रके वर्षानुवर्षे निघत राहिली. एका विषयाभोवती वेगवेगळ्या गीतांतील कडव्यांची गुंफण करण्याची ही रीत निस्कीच्या गीतोपासनेहून फारशी वेगळी नाही. फरक एवढाच की, बर्लिनच्या नागरिकांना कडवी पाठ नव्हती म्हणून ती छापावी लागत. बर्लिनच्या मंडळ्यांसाठी १८२९ मध्ये जो नवीन गीतसंग्रह निघाला त्याच्या समितीतही त्याने अनेक वर्षे काम केले. तत्त्वज्ञानाच्या इतिहासकारांना हा काळाचा अपव्यय वाटतो.

ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या एकीकरणातही हाच वारसा दिसतो. धर्मसुधारणेच्या त्रिशताब्दीच्या आदल्या दिवशी, ३० ऑक्टोबर १८१७ रोजी, बर्लिनच्या दोन्ही पंथांच्या पाळकांनी एकत्र प्रभुभोजन घेतले. त्यांच्या संयुक्त सभेचा अध्यक्ष श्लायरमाखर होता. मतभेद मिटविल्याखेरीज एका मेजावर बसता येते, हे त्याला सिद्ध करावे लागले नाही. ते त्याने पाहिलेले होते. त्सिन्त्सेंडोर्फच्या व्यवस्थेत ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि मोरेव्हियन अशा तीन शिक्षणरीती एकाच संघात नांदत, आणि कोणालाही आपली रीत सोडावी लागत नसे. मात्र राजा फ्रीड्रिख विल्हेल्म तिसरा याने १८२२ पासून आपण तयार केलेला उपासनाविधी सर्व मंडळ्यांवर लादण्याचा उद्योग सुरू केला तेव्हा श्लायरमाखरने टोपणनावाने त्याचा प्रतिवाद केला. उपासनेचे शब्द मंडळीतून यावेत, दरबारातून नव्हे, हा त्याचा आग्रह होता. ज्याने ठरवून दिलेल्या शब्दांपायी आपले घर सोडले होते त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करता येत नव्हती.

त्याच्या मोठ्या सिद्धान्तग्रंथात (१८२१–२२, सुधारित आवृत्ती १८३०–३१) याच अनुभवाला शास्त्राचे रूप मिळाले. ख्रिस्ती सिद्धान्त म्हणजे ख्रिस्ती भक्तिभावांचे भाषेतून केलेले निरूपण, अशी व्याख्या त्याने तेथे केली, आणि या निरूपणाच्या काव्यमय, वक्तृत्वपूर्ण आणि शास्त्रीय अशा तीन पातळ्या मानल्या. गीत आणि प्रवचन आधी, सिद्धान्त नंतर. बार्बीच्या चालकांनी नेमका उलटा क्रम लावला होता. ख्रिस्ताचा प्रभाव आपल्यापर्यंत पोहोचतो तो त्याने निर्माण केलेल्या सामुदायिक जीवनातून, हाही त्या ग्रंथाचा कणा आहे. एकट्याने पुस्तकातून ख्रिस्ती होण्याची कल्पना त्यात बसत नाही.

अर्थनिर्णयशास्त्राविषयीही येथे थोडे सांगितले पाहिजे. १८०५ पासून त्याने या विषयावर वेळोवेळी व्याख्याने दिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८३८ मध्ये, ल्यूके याने प्रसिद्ध केली. प्रत्येक उक्तीचा एक संबंध समग्र भाषेशी आणि दुसरा बोलणाऱ्याच्या समग्र विचाराशी असतो. गैरसमज आपोआप होतो, समज मात्र पदोपदी प्रयत्नाने मिळवावी लागते, हे त्यातील प्रसिद्ध विचार. या शास्त्राची उपपत्ती एका बंधुसंघातून लावणे हे अतिव्याप्तीचे होईल. अभिजात भाषाशास्त्राचा आणि फ्रीड्रिख श्लेगेलच्या सहवासाचा त्यातील वाटा मोठा आहे. तरीही, ज्या समाजात सर्वजण एकच शब्द उच्चारतात आणि सर्वांचा अर्थ एकच आहे असे गृहीत धरले जाते, तेथे आपला अर्थ वेगळा आहे हे एकट्याने ओळखलेल्या मुलाला, समजणे गृहीत धरता येत नाही हा धडा फार लवकर मिळाला होता.

वारसा म्हणताना त्याने काय टाकले हेही पाहिले पाहिजे. विवाहासारख्या गोष्टींतही चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेण्याची संघाची प्रथा, सभासदांच्या अंतःकरणावर ठेवली जाणारी नजर आणि वाचनावरील बंधने यांचा मागमूस त्याच्या आदर्श मंडळीत नाही. त्याच्या आठवणीतील हेर्नहूट हे निवडलेले हेर्नहूट आहे. इतिहासकाराने या निवडीला भुलून संघाला श्लायरमाखरच्या रंगात रंगवू नये. अल्बेर्टिनीसारखा तितकाच बुद्धिमान मनुष्य याच नियमांखाली सुखाने राहिला, हेही विसरता येत नाही.

१८२९ च्या ऑक्टोबरात त्याचा एकुलता एक मुलगा नाथानाएल नऊ वर्षांचा होऊन वारला. मुलाच्या थडग्यापाशी बापानेच प्रवचन केले. सांत्वनासाठी लोक स्वर्गातील भेटीची जी चित्रे रंगवितात ती, काटेकोर विचाराची सवय जडलेल्या माणसापुढे हजार अनुत्तरित प्रश्न ठेवतात आणि म्हणून आपल्याला बळ देत नाहीत, असे त्याने तेथे उघडपणे सांगितले. शास्त्रातील मोजक्या शब्दांचा आधार मात्र त्याने घेतला आणि जमलेल्यांना एकमेकांवर अधिक प्रेम करण्यास सांगितले. जे शब्द आपल्याला पेलत नाहीत ते दुःखातही वापरावयाचे नाहीत, हा बार्बीतला नेम त्याने येथेही पाळला.

१२ फेब्रुवारी १८३४ रोजी फुप्फुसाच्या दाहाने त्याचा अंत झाला. पत्नी हेन्रिएटे हिने त्या सकाळची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याने घरातील सर्वांना खाटेभोवती बोलावले आणि प्रभुभोजनाची तयारी करावयास सांगितले. वैद्यांनी त्याला द्राक्षारस वर्ज्य केला होता, म्हणून आपल्या पेल्यात त्याने पाणी घेतले. विधीचे शब्द स्वतः उच्चारून त्याने भाकर आणि प्याला प्रत्येकाला दिला व मग स्वतः घेतला. या शब्दांवरच आपली भिस्त आहे, असे सांगून, या प्रेमात आणि या सहभागितेत आपण सर्व एक आहोत आणि एक राहू, असे तो म्हणाला. त्यानंतर काही मिनिटांतच त्याने डोळे मिटले.